मसूर आतल्या अंगाला

गुरुवारी पहाटे पावणेसहाला महादेवराव उमाळे घटाशी वाकले, तेव्हा सुपारी पानावर नव्हती.

घागर एका अंगाला कलली होती. सुपारी तिच्यावरून घरंगळून रिंगणातल्या ज्वारीत जाऊन पडली होती. मसुरीची रांग मोडली होती आणि दाणे बाहेर न जाता आत, खड्ड्याकडे सांडले होते. खड्ड्यातली चारही ढेकळं भिजून काळीशार झाली होती.

मोहगव्हाण हे सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. वर्षाचं पीकपाणी आणि राजकारण सांगणारा भेंडवळचा घट मोठा, त्याला जिल्ह्याबाहेरून माणसं येतात. मोहगव्हाणचा घट आपल्यापुरता. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या पडीत वावरात धान्यांचं रिंगण मांडायचं. मधे खड्डा, खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर विड्याचं पान आणि पानावर सुपारी. सुपारी म्हणजे राजा, देशाचा कारभारी. रिंगणातली मसूर म्हणजे शत्रू. रात्री तिथे कोणी थांबायचं नाही, राखण ठेवायची नाही. पहाटे उमाळ्यांच्या घरातल्या माणसाने जाऊन जे हललं ते मोठ्याने सांगायचं. काय हललं तेवढंच सांगायचं. का हललं, हे घट वाचणाऱ्याने कधी बोलायचं नाही. वडिलांनी महादेवरावांना एवढा एकच नियम शिकवला होता. बाकीचं त्यांना पाहून पाहून आलं.

टेकलेला गुडघा गार लागला म्हणून त्यांनी हात खाली नेला. माती ओली होती. मसुरीच्या बाजूला तर चांगलाच चिखल होता. एप्रिल सरला होता, वळवाचा एक थेंबही पडला नव्हता. त्यांनी मान वर केली. समोर धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध होता आणि धुऱ्यापलीकडे, वरच्या अंगाला, राजकुमार मानकरची संत्र्याची बाग. ठिबकची एक नळी धुऱ्यापर्यंत आली होती. तिच्या टोकाचं बूच निघालेलं होतं. रात्री कधीतरी पाणी उताराने आलं असणार. काळी माती फुगली, ढेकळं ढासळली, घागर कलली.

मागे दीडदोनशे माणसं वाट पाहत उभी होती. महादेवराव उठले आणि नेहमीच्या संथ आवाजात बोलले.

"चारही महिने पाऊस. ज्वारी बरी, कपाशी मध्यम, तूर चांगली. राजा गादीवर नाही. मसूर आतल्या अंगाला. परचक्र नाही. घरभेद."

मसूर बाहेर सांडली की परचक्र, आत सांडली की घरभेद. हे शब्द आजोबांच्या वेळेपासूनचे होते, त्यात त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. पावसाचं ऐकून लोकांचे चेहरे उजळले होते. शेवटच्या शब्दावर ते तसेच राहिले, फक्त माना वळल्या. कोणी ठरवून वळवल्या नाहीत. पण बऱ्याचशा माना धुऱ्यापलीकडच्या बागेकडे वळल्या, हे महादेवरावांनी पाहिलं. शेगावहून आलेल्या राखी इंगळेनेही पाहिलं. तिचं स्वतःचं बातम्यांचं चॅनल होतं. तिने मोबाइल त्या माणसांवरून हळूहळू फिरवला आणि शेवटी बागेवर नेऊन थांबवला.

गेले आठ-दहा दिवस गावात दुसरं बोलणं नव्हतं. सीमेवर तणाव होता. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि विमानं चालली होती. गावात दोन तट पडले होते आणि दोन्ही तटांना सगळं ठाऊक होतं.

एका तटाचे भगवानराव खोंड. सरपंच त्यांच्या पत्नी, सत्यभामाबाई. पण सरपंच म्हटलं की गाव भगवानरावांकडेच पाहायचं. त्यांच्या मते शत्रूने गावोगावी माणसं पेरून ठेवली होती. सोनाळा रस्त्यावर मोजणीवाल्यांनी चुन्याने फुल्या मारल्या होत्या, त्या रस्त्यासाठी नव्हेत तर विमानांसाठी होत्या. दुसऱ्या तटात राजकुमार मानकर होता. पंचायतीत विरोधातला एकटा सदस्य, चाळिशीचा, हुशार, आणि जिभेला हाड नसलेला. त्याच्या मते युद्ध होणारच नव्हतं. दोन्हीकडच्या मोठ्यांचं आधीच बोलणं झालं होतं. हा सगळा मतांचा फड होता. आणि मतांचाही उपयोग नव्हता, कारण यंत्रात निकाल आधीच भरलेले असतात.

"पुरावा?" कोणी विचारलं तर राजकुमार म्हणायचा, "असं काम करनारा पुरावा ठेवते का बे?" भगवानरावही त्यांच्या फुल्यांबद्दल नेमकं हेच म्हणायचे. महादेवरावांना दोघांचं बोलणं एकाच विहिरीचं पाणी वाटे.

राजकुमारने एक चूक केली होती. अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी त्याने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं : घटही मॅनेज असतो. तीन वर्षं झाली, राजा जागचा हलत नाही. यंदा पाहूच हलतो का नाही.

घट वाचून झाल्यावर माणसं नेहमीप्रमाणे शालूबाईच्या टपरीवर जमली. राजकुमार तिथे आधीच बसला होता. माना आपल्या बागेकडे वळल्या होत्या, याची त्याला अजून जाणीव नव्हती.

"काय काकाजी," तो महादेवरावांना म्हणाला, "राजा पडला म्हनता. पेढे वाटू का?"

"वाट ना," भगवानराव म्हणाले. "पन पयले हे सांग, काल रात्री वावरात काय करून राह्यला होता?"

"ओलीत. लाइनची पाळी रात्रीची हाय या हप्त्यात. दिवसा द्या म्हना तुमच्या सायबाले, दिवसा ओलतो."

"एकटाच होता?"

"नाही, तिकडून दोघं जनं आले होते पॅराशूटनं. चहा पाजला त्याईले, साखर कमी टाकून."

शालूबाई हसली. चारदोन माणसं हसली. भगवानराव हसले नाहीत. राखीचा मोबाइल टेबलावरच्या बशीला टेकवून ठेवलेला होता.

नऊ वाजेपर्यंत तिच्या चॅनलवर दोन तुकडे आले. पहिल्यात महादेवराव म्हणत होते, राजा गादीवर नाही. दुसऱ्यात राजकुमार म्हणत होता, तिकडून दोघं जण आले होते. साखर आणि हसू दोन्ही कापलेलं होतं. पहिल्या तुकड्यामुळे भगवानरावांना बुलढाण्याहून सत्तेतल्या पक्षाच्या माणसांचे फोन सुरू झाले. तुमच्याच गावात राजा पाडता काय, असं कोणीतरी विचारलं म्हणे. भगवानरावांची मान तिथे अडकली.

महादेवराव घरी आले तेव्हा रुखमाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांची नजर आधी धोतरावर गेली.

"गुडघ्याले चिखल कायचा? पानी त नाही पडलं."

त्यांनी सांगितलं. नळी, बूच, उतार, सगळं. रुखमाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मंग तुमी घरभेद काऊन म्हनलं?"

"दिसलं ते म्हनलं."

"चिखलबी दिसला ना."

महादेवरावांनी धोतराचा चिखल खरवडला. ते खाटेवर बसले आणि हिशोब मांडू लागले. गप्प राहिलं तर घरभेद हा शब्द गावात फिरत राहणार आणि त्याला चेहरा सापडलेलाच आहे. पाण्यामुळे हललं असं सांगितलं तर घट बाद होतो, घरभेद बाद होतो. पण पाणी कोणाचं, हे विचारायला कोणी लांब जाणार नाही. ज्या खऱ्याने राजकुमार सुटेल, त्याच खऱ्याने तो अडकणार होता.

दहाच्या सुमारास राजकुमारची बायको अनुपमा आली. ती बीबीची, लोणारकडची. पंधरा वर्षं इथे नांदूनही बोलणं माहेरचंच राहिलं होतं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"मामाजी, आमच्या दारात पोरं येऊन बसलेत. दहा-बारा असतील."

"काय म्हनतात?"

"काहीच नाही. शिव्या नाही, काही नाही. नुसते बसलेत. मी पाणी नेऊन दिलं तर कोणी तांब्या घेतला नाही."

रुखमाबाईंनी तिला आत घेतलं. ती बसली नाही.

"ह्यांना सांगितलं माफी मागा, तर हे हसायले. म्हणे लोकशाही आहे, जोक करायची बंदी नाही. तुम्ही सभेत एवढंच म्हणा मामाजी, की घटात कोण्या माणसाचं नाव नसतं. तुमचं ऐकतील. दुसऱ्या कोणाचं आता ऐकणार नाहीत."

"म्हनतो," महादेवराव म्हणाले.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा अकराला होती. मोहगव्हाणात ग्रामसभेला माणसं जमवणं म्हणजे तराजूत बेडूक तोलणं. दरवर्षी ग्रामसेवक घड्याळ पाहतो, कोरम नाही म्हणून सभा तहकूब लिहितो आणि चहा पिऊन जातो. यंदा पंचायतीसमोरचा मंडप भरून माणसं रस्त्यावर उभी होती. बायका पहिल्यांदाच एवढ्या आल्या होत्या. सत्यभामाबाई अध्यक्षांच्या खुर्चीवर आणि भगवानराव त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभे. झेंड्याला सलामी झाली. नळयोजनेचा विषय एका मिनिटात संपला.

मग महादेवराव उठले. गेल्या चाळीस वर्षांत ते सभेत बोलले नव्हते.

"सकाळी जे सांगतलं, ते घटाचं होतं. घटात मानसाचं नाव नसते. घरभेद म्हनजे अमका तमका नाही."

"मंग कोन?" मागून कोणीतरी विचारलं.

इथे ते थांबले असते तर काय झालं असतं, कोणालाच सांगता येणार नाही. पण समोर ती दहा-बारा पोरं उभी होती, राजकुमारच्या दारातून उठून आलेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अजून तोच नुसतं बसल्याचा भाव होता. महादेवरावांना वाटलं, मुळावरच घाव घालावा. घटच रद्द करावा. ज्या नियमाने त्यांचा बाप आणि आजा चालले, तो त्यांनी त्या मंडपात मोडला.

"कोनीच नाही. माती ओली होती. पानी शिरलं होतं घटात. म्हनून सुपारी पडली, म्हनून मसूर सरकली. यंदाचा घट धरू नका."

 मग पहिला आवाज आला तो एका म्हाताऱ्याचा.

"मंग पावसाचं?"

"पावसाचंबी नाही."

"असं कसं म्हनता महादेवराव? पावसाचं तेवढं राहू द्या. बियानं बुक केलं लोकाईनं सकाळीच."

थोडं हसू उठलं. भगवानरावांनी हात वर केला आणि ते थांबलं. महादेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासून अडकलेली मान मोकळी झाल्यासारखे भगवानराव दिसत होते.

"काका खरं बोलले," ते म्हणाले. "गादी हललीच नाही. हलवली. पानी आपोआप येते का घटात? पडीत वावर हाय ते, ना नाला ना पाट. पानी सोडा लागते. मी कोनाचं नाव घेत नाही. वरच्या अंगाले कोनाचं वावर हाय, ते लहान पोरालेबी ठाऊक हाय."

"अरे, बूच निघालं असंन ठिबकचं," राजकुमार मधेच म्हणाला. तो कडेला खांबाला टेकून उभा होता. "निघत नाही का तुमचं? घटाच्या मांगं कोनी पानी सोडते का? डिझेल-लाइट फुकट हाय का माह्याकडे?"

"दोन दिवस आधी लिहून ठेवलं होतं का नाही, यंदा पाहू हलतो का म्हनून?"

"लिहलं. त लिहाची बंदी हाय का?"

"बंदी नाही. म्हनूनच त हे चाललं. लढाई तोंडावर आली, आन् आपल्या गावातला मानूस म्हनते सगळं नाटक हाय. तिकडून आलेल्या लोकाईले चहा पाजतो म्हनते. हसत हसत म्हनते."

राजकुमार म्हणाला, "भाऊ, तुमी सभा चालवून राह्यले का खटला?"

"सभा. म्हनूनच ठराव घेऊ. लोकाईचं राज्य हाय, लोकाईले विचारू."

ठराव साधा होता. घटात पाणी शिरलं, त्याची पोलीस चौकशी व्हावी. आणि चौकशी होईपर्यंत घटाच्या वावराला लागून कोणी रात्रीचं ओलीत करू नये. ग्रामसेवक हळूच म्हणाला, ओलीत बंद करायचा अधिकार सभेला नाही. भगवानराव म्हणाले, तुम्ही फक्त चर्चा झाली असं लिहा, गाव बाकीचं पाहील. सत्यभामाबाईंनी ठराव वाचला. हात वर झाले. बायकांचे, पोरांचे, ज्याला पावसाची काळजी होती त्या म्हाताऱ्याचा.

भगवानरावांनी महादेवरावांकडे पाहिलं. घटात पाणी शिरलं, हे महादेवरावांचंच वाक्य होतं. त्याला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना सुचलं नाही. त्यांनीही हात वर केला.

राजकुमारचा आणि अनुपमाचा हात खाली होता. रुखमाबाईंचाही. त्या नवऱ्यासाठी न थांबता एकट्याच घरी निघाल्या.

पुढचे पाच दिवस मोहगव्हाणात काही मोठं घडलं नाही. पोलीस आले, अर्ज घेतला, नळी पाहिली, वरिष्ठांना कळवतो म्हणून गेले. शालूबाईने राजकुमारला चहा द्यायचं बंद केलं नाही, पण तो आला की बाकी माणसं उठत. दूधवाला त्याच्या दारासमोर आता भोंगा वाजवत नव्हता. त्याच्या बागेतल्या झाडांना रात्री पाणी मिळेना आणि उन्हाने लिंबाएवढी संत्री गळू लागली. तिसऱ्या दिवसापासून तो पुन्हा रात्री मोटर चालू करू लागला.

मग झाडांचं निघालं.

संत्र्याच्या खोडाला चुना आणि मोरचूद कालवून बोर्डोचा लेप देतात. डिंक्या रोग लागू नये म्हणून गावातल्या प्रत्येक बागेत देतात. भगवानरावांच्या बागेतही दिला होता. कंबरेइतकी पांढरी खोडं, ओळीने. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, रात्री विमानातून ही पांढरी ओळ रस्त्यासारखी दिसते. दुसऱ्याने लिहिलं, मानकरची ओळ तर नेमकी सोनाळ्याच्या दिशेला आहे. एका संध्याकाळी भगवानरावांनी मजूर लावून आपल्या खोडांना चिखल फासला आणि फोटो टाकला : माझी बाग, माझा देश. दोन दिवसांत शिवारातली सगळी खोडं चिखलाची झाली. महादेवरावांची शंभर झाडं होती. त्यांनी स्वतः बादली उचलली नाही, पण गडी फासत होता तेव्हा थांबवलंही नाही.

फक्त एका बागेत पांढरं राहिलं.

मंगळवारी दुपारी ते धुऱ्यावरून तिकडे गेले. राजकुमार नळीची बुचं तपासत होता.

"एकेक हात चिखल लाव," महादेवराव म्हणाले. "पान्यानं धुवून जाईल. चार दिवसाचं काम हाय."

"आन् डिंक्या लागला त?"

"लागू दे."

"काकाजी, तुमच्या झाडाले लावला का?"

"लावला."

"तुमाले पटलं म्हनून?"

 राजकुमार उठला, हात पँटला पुसले.

"मी म्हनलं होतं ना, युद्ध फक्त टीव्हीवर होईन. चुकलं माहं. इथंबी व्हाचं होतं." मग म्हणाला, "अनुपमाले बीबीले पाठवलं सकाळी. पोरीलेबी. शाळेले सुट्ट्याच हायेत."

"तूबी जाय."

"आन् झाडं?"

"झाडं मी पाहतो. रातच्याले मी मोटर लावतो तुही. कोनी मले काही म्हननार नाही."

"तुमाले कोनी काही म्हनत नाही, तेच त पाहून राह्यलो मी," राजकुमार म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने पुढचं बूच उचललं आणि नळीत घट्ट दाबलं.

बुधवारी देशात काही शहरांत दिवे बंद करण्याचा सराव व्हायचा होता. त्या यादीत मोहगव्हाण नव्हतं. भगवानराव म्हणाले, गाव स्वतःहून करेल. रात्री आठ ते सव्वाआठ. दवंडी दिली गेली, भोंग्यावरून सांगितलं गेलं. सगळ्यांनी मारुतीच्या देवळात जमायचं, ज्यांना जमत नाही त्यांनी घरात बसायचं, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. गुडघे दुखतात म्हणून महादेवराव घरी राहिले.

आठला विजेच्या डीपीवरून गावाची लाइन कोणीतरी पाडली. शेतीच्या पंपांची लाइन वेगळी असते, ती चालू राहिली. अंधार झाल्यावर देवळातून भजनाचा आवाज येऊ लागला. बऱ्याच माणसांचा होता, पण सगळ्या गावाचा नव्हता. एवढं सांगण्याइतके कान त्यांचे शाबूत होते. मग घरामागच्या गाडवाटेने पावलं गेली. दोघाचौघांची नव्हती, जास्त होती. कोणी बोलत नव्हतं, फक्त एक जण खोकला आणि एकाचं पाऊल लंगडत पडत होतं. बादलीच्या कडीचा आवाज होत होता, चालताना होतो तसा. ती वाट धुऱ्याकडे जाते.

महादेवराव खाटेवरून उठले. रुखमाबाई अंधारात म्हणाल्या, "जा."

ते दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर उभे राहिले. बाहेर काहीच दिसत नव्हतं. वरच्या अंगाला मोटरीचा आवाज चालू होता आणि त्यावर एकदा कुत्रं भुंकलं. नंतर माणसाचा आवाज आला. काय म्हणाला ते कळलं नाही. ओरडल्यासारखा नव्हता, कोणाला तरी नावाने विचारल्यासारखा होता. ते तसेच उभे राहिले. भजन चालूच होतं. त्यांनी नंतर पोलिसांना सांगितलं की किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही.

दिवे आले तेव्हा ते बाहेर पडले. बागेत पोचायला त्यांना वेळ लागला. मोटर चालू होती. पहिल्या दोन ओळींच्या खोडांना चिखल फासलेला होता, घाईने, कुठे कंबरेपर्यंत तर कुठे नुसता पंजाएवढा. तिसऱ्या ओळीच्या पाचव्या झाडाशी चिखल थांबला होता. तिथे एक बादली उपडी पडली होती. राजकुमारची एक चप्पल होती. त्यांनी दोनदा हाक मारली आणि मोटर बंद केली.

गुरुवारी सकाळी अनुपमा बीबीहून परत आली आणि तिने बेपत्ता असल्याची तक्रार दिली. पोलिसांनी बागेचा पंचनामा केला, बागेजवळच्या दोन्ही विहिरींत गळ टाकून पाहिलं. काही मिळालं नाही. बादली कोणाची, हे गावात कोणी ओळखलं नाही.

भगवानरावांनी जबाब दिला, आठ ते सव्वाआठ सगळं गाव देवळात होतं. त्यांच्या मते राजकुमार आपल्या माणसांकडे पळून गेला, आणि आता तो नेमका कोण होता हे कळेलच. राजकुमारच्या बाजूची तीन-चार घरं होती, ती म्हणाली, तो मुद्दाम लपला आहे. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की बरोबर बाहेर येईल आणि यांचे बारा वाजवेल. त्याला काही झालं असेल असं दोन्हीकडचं कोणी बोललं नाही. राखी इंगळेने दोन्ही बाजू दाखवल्या.

महादेवराव शुक्रवारी सोनाळ्याला पोलिसांपुढे जाऊन बसले. पावलं, बादलीची कडी, आवाज, त्यांनी ऐकलं तेवढं सगळं सांगितलं. कोणाची पावलं, असं विचारल्यावर त्यांनी दोन नावं घेतली. ओळखलं कशावरून? एकाच्या खोकल्यावरून आणि दुसऱ्याच्या लंगडण्यावरून. जमादाराने लिहून घेतलं आणि अंधारात दिसलं नाही ना, असं विचारून तेही लिहून घेतलं. त्या दोघांपैकी एक भगवानरावांचा पुतण्या गणेश. दोघांना संध्याकाळी बोलावलं आणि रात्री सोडलं.

घरी आल्यावर भगवानरावांचा फोन आला. "काका, वय झालं तुमचं," ते प्रेमाने म्हणाले. "अंधारात काहीबी आयकू येते. जबाब बदलून भेटते, मी विचारलं हाय."

"मी नाही बदलत," महादेवराव म्हणाले.

"बरं," भगवानराव म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी सीमेवरचा गोळीबार थांबल्याची बातमी आली. गावात फटाके वाजले. एका तटाने जिंकलो म्हटलं, दुसऱ्याने ठरवूनच होतं म्हटलं. अनुपमा तेव्हा उमाळ्यांच्या ओसरीवर बसली होती. ती दर अर्ध्या तासाला नवऱ्याचा नंबर लावत होती आणि दर वेळी तो बंद येत होता. साडेसातला बेल गेली.

तिने फोन कानाला लावला, मग तो महादेवरावांच्या हातात दिला. फोन उचलला गेला होता. पलीकडून कोणी बोललं नाही. रस्त्यावरून गाडी गेल्याचा आवाज आला आणि कोणीतरी श्वास घेत होतं.

"राजकुमार," ते म्हणाले. "मी महादेव काका."

फोन कट झाला.

पोलिसांनी रविवारी सांगितलं की त्या वेळी तो फोन अकोटच्या आसपास होता. तो कोणाच्या हातात होता हे अजून कळलेलं नाही. त्यानंतर तो बंद आहे.